लाइट आपण घालवायची

प्रिय पोरी,

आखाजीला घरी आलीस आणि झोक्यावर पाच मिनिटंही बसली नाहीस. तुझ्या आईने खापरावर केलेले मांडे ताटात गार झाले आणि तू ओट्यावर लॅपटॉप उघडून मला एक्सेल दाखवत होतीस. ‘नाना, साहेबांना लाइट बिल २० टक्के कमी हवंय आणि सर्व्हर एक मिनिटही पडायला नकोत. दोन्ही एकदम कसं जमवू?’ असं म्हणालीस आणि पुढचं वाक्य तुला पुरं करता आलं नाही. मी गप्प राहिलो. तुझे वडील शेजारी बसले होते, आणि मी या विषयावर सुरू झालो की जेवणं राहतात हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

तुझी शीट मी रात्री पुन्हा पाहिली. पाच ओळी आहेत. सेटपॉइंट (एसीला ठरवून दिलेलं तापमान) वाढवणे, तीनपैकी एक पीएसी (सर्व्हरच्या खोलीचा मोठा एसी) बंद करणे, दोनपैकी एक यूपीएस बंद करणे, त्याच्या बॅटऱ्या बदलणं वर्षभर पुढे ढकलणे, डीजीचा (डिझेल जनरेटरचा) एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभालीचा करार, रद्द करणे. यातल्या काही ब्रोशरमधून आल्यात, काही साहेबांच्या तोंडून. तुझ्या सर्व्हरच्या खोलीला विचारून आलेली एकही नाही. खोलीला विचारायचं कसं? लाइट घालवून. एमएसईबीने घालवायची वाट बघायची नाही. आपण, ठरवून, मेन स्विच खाली ओढायचा.

आधी हिशेब. तुझ्या सर्व्हरांचा लोड ४० किलोवॅट आणि मीटरवर ८४, म्हणजे पीयूई (एकूण वीज भागिले सर्व्हरांची वीज) २.१. सर्व्हर खातात त्याहून जास्त वीज त्यांना गार ठेवण्यात आणि यूपीएसच्या तोट्यात जाते. हा आकडा १.७ वर आला तर १६ किलोवॅट वाचतात. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे १ लाख ४० हजार युनिट. हिशेब सोपा जावा म्हणून युनिटला १० रुपये धर, १४ लाख होतात. तुझ्या साहेबांचे २० टक्के जवळजवळ इथेच निघाले, आणि त्यासाठी ना बॅटरी मारावी लागते ना एएमसी.

हे १६ किलोवॅट कुठे लपलेत ते बघायला जळगावहून सावद्याला ये. इथल्या एका केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरचं वायरिंग मी हौसेने सांभाळतो. केळीच्या खोक्यांच्या दोन थप्प्या लावतात, मधल्या बोळावर वरून ताडपत्री ओढतात आणि पंखा त्या बोळातून हवा खेचतो. हवेला दुसरी वाटच उरत नाही, तिला खोक्यांच्या भोकांतूनच जावं लागतं. ताडपत्री दोन बोटं सरकलेली राहिली तर हवा तिथून पळते आणि मधली केळी उकडतात. हे सगळं तिथल्या कामगाराला कळतं. तुझ्या रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या कपाटांत, मात्र अर्ध्या जागा उघड्या आहेत, केबलच्या भोकांतून गार हवा फुकट निघून जाते, आणि उपाय म्हणून तुमच्या लोकांनी सेटपॉइंट २० वर आणून ठेवलाय. त्यात तो २० आहे पीएसीत परत येणाऱ्या हवेचा. सर्व्हरच्या तोंडाशी किती आहे ते कुणी मोजलंय? आश्रेची, म्हणजे कूलिंगवाल्या इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेची, शिफारस सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंशांची आहे. आधी रिकाम्या जागांना ब्लँकिंग प्लेट लाव, भोकं बुजव, प्रत्येक रॅकच्या तोंडाशी खाली, मध्ये आणि वर मोज, मग सेटपॉइंटला हात लाव. दर आठवड्याला एक अंश.

पीएसी बंद करायचा विचार सोड. तुमच्या पंख्यांना वेग कमी-जास्त करायची सोय आहे, मी मॉडेल बघून घेतलं. पंख्याची वीज वेगाच्या घनाने बदलते. दोन पंखे पूर्ण वेगाने फिरवले तर दोन पंख्यांची वीज लागते. तेवढीच हवा तीन पंख्यांनी दोन तृतीयांश वेगाने दिली तर तिघांची मिळून एकापेक्षाही कमी. शिवाय तिसरा चालूच असतो, त्याला वेळेवर उठवायची भानगड नाही. आणि एक बघ, तिन्ही पीएसींचं आर्द्रतेचं सेटिंग सारखं आहे का? मी असे दोन शेजारी पाहिलेत, एक पाणी सोडतोय आणि दुसरा तेच पाणी काढतोय. बिल दोघांचं.

इथवर तुला आवडलं असेल. आता ऐक. प्रत्येक बचत कुठून तरी मिनिटं खाते. खोली २० अंशांवर असेल तर पीएसी बंद पडल्यावर सर्व्हर तापायला वेळ मिळतो. तीच २६ वर नेलीस की तो वेळ घटला. हवेच्या वाटा बुजवल्यास की गार हवेचा साठाही कमी झाला. पीएसी यूपीएसवर नसतात. डीजी १५ सेकंदांत आला तरी कॉम्प्रेसर तीन-चार मिनिटं थांबून सुरू होतो. तेवढ्यात तुझी खोली किती चढते? सात अंश? बारा? तुझ्या एक्सेलमध्ये हा रकानाच नाही. तो भरायचा तर लाइट घालवावी लागेल. बचतीच्या प्रत्येक पायरीनंतर पुन्हा.

आणि आपल्या उन्हात तर लागेलच. १९ जुलै २०२२ ला ब्रिटनचा पारा पहिल्यांदा ४० च्या वर गेला, त्या दिवशी लंडनमध्ये गूगल आणि ओरॅकलच्या डेटा सेंटरांचं कूलिंग पडलं, आणि गाइज अँड सेंट थॉमस रुग्णालयांची दोन्ही डेटा सेंटरं बसली. ४० अंश म्हणजे आपल्या भुसावळात लोक म्हणतात, आज जरा बरं आहे. मे महिन्यात ४५ झाले की खोलीतली उष्णता बाहेर टाकणारे गच्चीवरचे कंडेन्सर हाय प्रेशरवर ट्रिप व्हायच्या, म्हणजे दाब वाढून आपोआप बंद पडायच्या, काठावर असतात. तुमच्या इमारतीमागे जिनिंग आहे. कंडेन्सरच्या जाळीवर रुईची गोधडी बसली असेल, मी पैज लावतो. ती आधी धू. त्या पाण्याच्या एका पाइपाइतकी स्वस्त बचत तुझ्या शीटमध्ये दुसरी नाही.

यूपीएसचं थोडक्यात. दोन्ही राहू दे. ते कमी लोडवर चालतात, तोटा होतो, कबूल, पुढच्या खरेदीत बघू. इको मोडचं, म्हणजे तोटा वाचवायला बाहेरची वीज जशीच्या तशी सर्व्हरला सोडायची त्याचं, नाव पुन्हा काढू नकोस.

बॅटऱ्या. त्या पत्र्याच्या खोलीत आहेत ना? या बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं आणि पुढच्या दर ८-१० अंशांना निम्मं होतं. तुमच्या त्या खोलीत पाच वर्षांची बॅटरी दोन वर्षांत म्हातारी होते. आणि तू बदलणं वर्षभर पुढे ढकलतेस! पैसे वाचवायचे तर त्या खोलीला सावली कर आणि हवा खेळती ठेव.

डीजीच्या एएमसीबद्दल लिहायला बसलो आणि पेन थांबलं. कारण तू सांगितलंस, ‘नाना, दर सोमवारी १० मिनिटं चालवून बघतात, लॉगबुकात ओके लिहिलेलं असतं.’ तसलं लॉगबुक मी लिहिलेलं आहे.

नवी मुंबईत मी शिफ्ट इंजिनिअर होतो. महिन्याला एकदा मेन घालवून पूर्ण लोडवर ट्रायल घ्यायची असा नियम होता. वरून निरोप आला, सध्या क्लायंटचं काम जोरात आहे, या महिन्यात नको. पुढच्या महिन्यातही तेच. तिसऱ्या महिन्यात कुणी निरोप पाठवलाच नाही, मीच विचारलं नाही. सोमवारचा रिकामा डीजी तेवढा घरघरवायचो. मग तोही कधी कधी नुसता बघून यायचो, मीटरवर बॅटरीचे २५ व्होल्ट दिसायचे, ओके लिहून सही. जूनच्या पहिल्या पावसात लाइट गेली. सेल्फ मारला आणि ते २५ चे १४ झाले. स्टार्टरची बॅटरी आतून मेलेली, लोड आल्याशिवाय दाखवत नव्हती. यूपीएस १५ मिनिटांचा. आवारात उभ्या दोन टेम्पोंच्या बॅटऱ्या काढून आणल्या, हात भाजले, डीजी सुरू झाला तो सतराव्या मिनिटाला. दोन मिनिटांसाठी सगळं खाली बसलं आणि उभं करायला रात्र गेली. त्या बॅटऱ्यांची किंमत एका साहेबाच्या महिन्याच्या टॅक्सी बिलाइतकी होती. निरोप देणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. लॉगबुकात सही माझी होती, आणि ती खोटी होती.

तेव्हापासून मी हट्टी झालो. तुझी काकू म्हणते तसाच आधीपासून होतो. असेल.

पुढच्या नोकरीत मी दर महिन्याला लाइट घालवायचो. निरोप आले, मी लेखी मागायचो, लेखी कुणी देत नाही. एका रविवारी पहाटे मेन ओढला आणि एक पूर्ण रांग गेली. त्या रॅकांच्या दोन पॉवर कॉर्ड दोन वेगळ्या यूपीएसवर हव्यात, त्या दोन्ही कुणीतरी एकाच बाजूच्या पीडीयूत, म्हणजे प्लगपट्टीत, खोचल्या होत्या आणि त्या बाजूचा यूपीएस नेमका ट्रिप झाला. ४० मिनिटं. मीटिंगमध्ये म्हणाले, व्यवस्थित चाललेलं याने हाताने पाडलं. प्रमोशन गेलं, दोन वर्षांनी मीही गेलो. लोक आजही ती गोष्ट माझ्याविरुद्ध सांगतात. पण सांग, त्या कॉर्ड मी खोचल्या होत्या का? रविवारी पहाटे ११ माणसं टॉर्च घेऊन उभी असताना ती रांग पडली. महिन्याच्या सात तारखेला, पगाराच्या वेळी, एकटा पोरगा शिफ्टवर असताना पडली असती तर? १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची लाइट गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कुणाला आदल्या दिवशी निरोप आला होता? मी तेव्हा इथे फैजपूरला टीव्हीसमोर बसलो होतो आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग वाईट वाटलं. मग पुन्हा बरं वाटलं.

असो. हे माझं झालं.

तुझे साहेब म्हणतील, चालू यंत्राला कशाला हात लावायचा. तू भांडू नकोस, तुला भांडता येत नाही. त्यांना एकच विचार, ‘मग यूपीएस किती मिनिटं टिकेल याचा आकडा तुम्ही लिहून सही कराल का?’ आणि गप्प उभी राहा. मला जे पंधरा वर्षांनी सुचलं ते तुला तिसऱ्या वर्षी फुकट देतोय, निदान वापर.

पहिली ट्रायल रविवारी सकाळी सहाला. आदल्या दिवशी बॅकअप पूर्ण झाल्याची खात्री, डिझेल टाकीच्या तळाचं पाणी काढलेलं, स्टार्टरच्या बॅटरीची लोड टेस्ट, आणि चांगल्या चार्ज असलेल्या दोन बॅटऱ्या डीजीशेजारी तयार. प्रत्येक सर्व्हरच्या दोन्ही कॉर्ड हाताने चाचपून वेगवेगळ्या बाजूंना आहेत ना ते बघ. लेबलवर विश्वास ठेवू नकोस. एक माणूस मेनपाशी, एक डीजीपाशी, एक यूपीएसच्या बायपासपाशी, तू खोलीत थर्मामीटर घेऊन. दर मिनिटाला आकडा लिही. डीजीवर किमान अर्धा तास राहा, रिकामा घरघरवलेला डीजी आतून काजळी धरतो.

सकाळी सहाला पास झालीस म्हणून पेढे वाटू नकोस. दुसरी ट्रायल मे संपायच्या आत, दुपारी तीनला, गच्ची तव्यासारखी तापलेली असताना. यावर साहेब ओरडतील. तुझे वडीलही म्हणतील, नाना पोरीला नोकरीतून काढायला लावतो. शक्य आहे. मी खोटं आश्वासन देणार नाही.

येत्या रविवारची परवानगी मिळाली तर कळव. मी शनिवारच्या शेवटच्या बसने जळगावला येऊन मुक्काम करीन. गेटपास नसला तरी चालेल, मी रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर बसतो. तुमच्या डीजीचं धुराडं तिथून दिसतं, मी जाताना बघून ठेवलंय. पहिला धूर काळा आला आणि मिनिटभरात निवळला नाही तर फोन करीन, तोवर करणार नाही.

तुझा,
नाना