थंडीत समुद्रावर गळ टाकायला जाण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की उन्हाळ्यात जिथे हमखास मासा लागायचा तिथेच थंडी पडल्यापासून तीनदा पहाटे जाऊन हात हलवत परत आलात, मग आता थंडी सरेपर्यंत रॉड गुंडाळून ठेवावा का. रॉड राहू द्या हो, आधी ते पहाटे उठणं बंद करा.

मीपण पहिली तीन-चार वर्षं हेच करायचो. उन्हाळ्याची सवय असते ना, की ऊन तापायच्या आत मासा खातो, म्हणून अंधारात उठायचं, कुडकुडत खाडीच्या तोंडाशी उभं राहायचं आणि नऊला बोटं आखडली की घरी. थंडीत हे गणित उलटं होतं. मासा थंड रक्ताचा, पाणी १० अंशांनी उतरलं की त्याच्या शरीराचा कारभार साधारण निम्म्यावर येतो, पोटात गेलेलं पचायलाही तेवढा वेळ लागतो, म्हणजे भूकच कमी. आणि पहाटे पाणी दिवसातलं सगळ्यात थंड असतं, म्हणजे ज्या वेळेला त्याला तोंड उघडायचा सगळ्यात जास्त कंटाळा, नेमके त्याच वेळेला आपण जातो.

एकदा चिडून मी साधा थर्मामीटर दोऱ्याला, शिशाच्या वजनाच्या वर बांधला आणि दिवसभर एकाच उथळ जागी मोजत बसलो. सकाळी साडेसहाला १६ अंश, दुपारी साडेतीनला २०. मोकळ्या समुद्रात दिवसाचा असा फरक पडत नाही, हे फक्त गुडघाभर पाण्यात होतं, त्यातही खाली काळा चिखल असेल तर जास्त, कारण तो ऊन पितो. हे कळल्यावर माझा सगळा हिशेब बदलला. आता पाणी किती अंश आहे हे मी बघतो, पण त्याहून जास्त बघतो ते चढतंय की उतरतंय. चार दिवस १७ वर टिकून राहिलेलं पाणी मला चालतं, पण २२ वरून दोन दिवसांत १८ वर आलेलं असेल तर मी घरीच बसतो.

यातूनच ओहोटीची गंमत कळते, जी मला कोणी सांगितली नव्हती. उथळ चिखलावरचं पाणी रात्रभर गार होतं, मग सकाळी ओहोटी असेल तर ते सगळं गार पाणी खाडीच्या खोल पाटात, म्हणजे खोल प्रवाहात, उतरतं आणि तिथे बसलेला मासा आणखी मुका होतो. तीच ओहोटी दुपारनंतर असेल तर दिवसभर तापलेलं पाणी खाली येतं, सोबत कोळंबी, बारीक मासोळी, आणि मोठा मासा पाटाच्या काठाला तोंड करून उभा राहतो. जिथे दिवसात दोन भरत्या येतात तिथे भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा होते, म्हणजे या आठवड्यात सकाळी सहाला पूर्ण भरती असेल तर पुढच्या आठवड्यात ती बाराच्या आसपास येणार आणि ओहोटी बरोब्बर तुम्हाला हवी तेव्हा मिळणार. म्हणून भरतीचं टेबल बघून आठवडा निवडा. सुट्टी बघून निवडलात तर मग नशीब.

मासे गेले कुठे, तर बरेचसे खोलात. खाडीत वरून येणारं नदीचं गोडं पाणी हलकं असतं, ते वर तरंगतं आणि थंडीत बहुतेक वेळा तेच जास्त गार असतं, खारं पाणी जड म्हणून खालच्या डोहात बसतं आणि ते त्या मानाने उबदार. तेव्हा वळणाचा डोह, पुलाच्या खांबांची खोल बाजू, जेटीचं टोक, इथे तळाला गरी बसवा. सगळे मासे सारखे नसतात हेही लक्षात घ्या. जिताडा पाणी २० च्या खाली गेलं की जवळजवळ खाणंच सोडतो, त्याच्या मागे लागून वेळ घालवू नका, उलट थंड पाण्यात निवांत खाणाऱ्या जातीही असतात. आणि ऊबदार किनाऱ्यावरच्या माशांना थंडीची सवय नसते हे खरंच गंभीर प्रकरण आहे, २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर थंडीची लाट आली तेव्हा तिथल्या सरकारी खात्याच्या अंदाजाने किमान ३८ लाख मासे मेले. त्यामुळे गारठून सुस्त पडलेला मासा उथळात हाताने धरण्याइतका जवळ दिसला तर त्याला त्रास देऊ नका.

आता गळाचं. थंडीत पाणी बहुतेक निवळ असतं, माशाला तुमचा तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, स्पष्ट दिसतो, तेव्हा पुढचा हातभर दोरा बारीक आणि फ्लुरोकार्बनचा घ्या, तो पाण्यात साध्या नायलॉनपेक्षा कमी चमकतो. आमिष छोटं, ताजं, वासाचं. लुअर, म्हणजे खोटं आमिष, वापरत असाल तर तुम्हाला वाटतं त्याच्या निम्म्या वेगाने ओढा, मग त्याच्याही निम्म्या, मधेच थांबवा, तळाला पडू द्या. मी लुअर टाकून चहा ओतून घेतो तेवढ्या वेळात मासा लागलाय, हे चेष्टेने सांगत नाहीये. आणि उन्हाळ्यासारखा झटका येईल म्हणून वाट बघू नका, दोरा नुसता जड होतो, ओला फडका अडकल्यासारखा, तेवढ्यावरच हळू उचलायचं.

हवेचा दाब बघून जाणारे बरेच भेटतील. माझा त्यावर फार विश्वास नाही, कारण वादळ येताना दाब समजा २० मिलिबारने पडला तर मासा वीस सेंटिमीटर वरखाली झाला की तेवढाच फरक त्याला रोज पडतो. दाबासोबत वारा आणि ढग बदलतात, ते बघा. जमिनीकडून जोराचा वारा असला की समुद्र ताटासारखा सपाट दिसतो, फोटो झकास येतात, पण वरचं कोमट पाणी बाहेर ढकललं जातं आणि कडेला गार पाणी येतं. त्यापेक्षा समुद्राकडून दोन दिवस मंद वारा, थोडी फेसाळ लाट, हे मला आवडतं.

खडकावरून टाकणार असाल तर आधी पंधरा-वीस मिनिटं नुसते लांब उभे राहून लाटा बघा. लांब कुठेतरी झालेल्या वादळाच्या लाटा आपल्याकडे वारा नसतानाही येतात, दहा मिनिटं काही नाही आणि मग तीन मोठ्या एकापाठोपाठ. मी कोरडा खडक बघून उतरलो होतो, तिसऱ्या लाटेने कमरेपर्यंत भिजवलं, डबा गेला, आणि ओल्या कपड्यात गाडीपर्यंत चालताना दात इतके वाजत होते की किल्ली भोकात जाईना. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून नेतं, म्हणून "आपल्याकडे कुठे एवढी थंडी" असं म्हणू नका. कपड्यांचा एक कोरडा जोड गाडीत ठेवा, एकटे जाऊ नका.

पुढच्या वेळी दुपारी दोनला निघा, सलग तीन-चार दिवस ऊन पडलेलं असू द्या, आणि ओहोटी तीनच्या आसपास सुरू होणारा दिवस धरा. त्यानंतरही काही नाही लागलं तर कुठली जागा, किती खोल आणि आमिष काय लावलं होतं ते इथेच लिहा, बघू.