बुद्धिबळात तगडे खेळाडू विजयी कॉम्बिनेशनची (बलिदान देऊन सक्तीने जिंकणाऱ्या चालींच्या साखळीची) स्थिती तयार कशी करतात?

आधी आपले मोहरे विरोधी राजाच्या दिशेने वळवून आणि राजाच्या बचावातला कळीचा मोहरा हुसकावून; बलिदान त्यानंतरच सुचतं. इटालियन खेळाडू ग्रेकोने १७व्या शतकात नोंदवलेलं एच७वरचं (उभी रांग एच, आडवी रांग ७ या घरावरचं) उंटाचं बलिदान घ्या. पांढरा ई५वर प्यादं ढकलतो, कारण एफ६वरचा काळा घोडा एच७ही राखतो आणि वजिराला एच५वर येऊही देत नाही. तो काळा घोडा हलला, पांढऱ्याचा उंट डी३वर, घोडा एफ३वर, वजीर डी१वर असला, की क्रम असा: उंट एच७चं प्यादं मारून शह देतो, काळा राजा उंट मारतो, पांढरा घोडा जी५वर शह, राजा जी८ला परतला की वजीर एच५वर आणि एच७वर मातेची धमकी.

मात्र तीन गोष्टी आधी तपासा. जी५वरचा घोडा फुकट मारला जातो का (सी१च्या उंटाचा आधार इथे लागतो)? काळ्याचा उंट एफ५वर किंवा घोडा एफ८वर येऊन एच७ राखू शकतो का? आणि राजा मागे न जाता जी६वर आला तर पुढे काय? हे बलिदान या शेवटच्या प्रश्नावर फसू शकतं, म्हणून वजीर जी४वर किंवा एच२चं प्यादं एच४वर, यांतलं काय चालतं ते उंट मारण्याआधीच मोजा.