युरोपियन युनियनमधून बाहेर पडून ब्रिटनला नेमकं काय परत मिळालं?

तुम्ही विचारलंय की युनियनमध्ये राहिलं की देशाचं सार्वभौमत्व जातं का, आणि जात असेल तर ब्रिटनने बाहेर पडून ते परत मिळवलं का. प्रश्नाच्या भाषेवरून तुम्ही स्पर्धा परीक्षेच्या तयारीत असाल असं वाटतं. मी काही राज्यशास्त्राचा माणूस नाही. तासगाव तालुक्यात आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे आणि हंगामात मी एका पॅकहाऊसमध्ये माल तपासतो. पण ब्रुसेल्सचा, म्हणजे युरोपियन युनियनचा, कायदा कसा चावतो ते आम्हाला जरा लवकर कळलं.

2010 सालची गोष्ट. शेंडेवाढ थांबावी, काडीत घड चांगला धरावा म्हणून सीसीसी नावाचं संजीवक आमच्याकडे वर्षानुवर्षं सगळेच वापरायचे. त्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांत त्याचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि कंटेनर अडकले. त्यात आमचाही माल होता. निर्यातदाराने वडिलांना फोन करून एवढंच सांगितलं, "काका, माल धरलाय." नंतर पट्टी आली ती शून्याची, वर भाड्याची वजावट. वडिलांनी तो कागद दोन-तीनदा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ह्यो नियम केला कुणी? आपल्याला इचारलं कुणी?"

माझ्या मते सार्वभौमत्वाचा अख्खा वाद त्या दोन वाक्यांत आहे.

युरोपात एखाद्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नसेल तर सरसकट 0.01 मिलिग्रॅम प्रति किलो धरतात. म्हणजे 100 टन द्राक्षांत 1 ग्रॅम. हा नियम आम्ही पाळतो, त्यासाठी बागेची नोंदणी करतो, काढणीआधी सॅम्पल देतो, फवारणीची वही ठेवतो. भारत युनियनमध्ये नाही, आपण शंभर टक्के सार्वभौम आहोत, तरी पाळतो. कारण माल तिथे विकायचाय. ब्रिटनही हेच नियम पाळत होता, पण ते ठरवणाऱ्यांत तो होता. सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेत त्याचं मत होतं, युरोपीय संसदेत त्याचे 73 खासदार होते.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर साखर कारखाना घ्या. सभासदाला कारखान्याचे नियम पाळावे लागतात, पण वार्षिक सभेत तो माईक ओढून बोलू शकतो, पॅनेल पाडू शकतो. (सभेत 'मंजूर, मंजूर' ओरडणारी पोरं आधीच पेरलेली असतात हे खरं, ब्रुसेल्सवरही तसलाच आरोप होतो.) गेटकेनवाला सभासद नसतो. ऊस त्याचाही जातो, काट्यावर वजन त्याचंही होतं, सभेत मात्र त्याला खुर्ची नाही. नॉर्वे हा असा गेटकेनवाला आहे. 1972 आणि 1994 अशा दोन्ही सार्वमतांत तिथल्या लोकांनी सदस्यत्व नाकारलं. पण युरोपची बाजारपेठ हवी म्हणून तो तिचे बहुतेक नियम आपल्या कायद्यात घेतो, पैसेही भरतो. मत नाही.

मग ब्रिटनवाले उगाच चिडले होते का? तसंही नाही. 1988 साली त्यांच्या संसदेने कायदा केला की ब्रिटिश नोंदणीच्या मासेमारी बोटींचे मालक प्रामुख्याने ब्रिटिशच हवेत. ब्रिटनचा झेंडा लावून ब्रिटनच्या वाट्याचा मासेमारीचा कोटा मारणाऱ्या स्पॅनिश मालकांना रोखायचा हेतू होता. ते मालक कोर्टात गेले. युरोपीय न्यायालयाचा कौल त्यांच्या बाजूने गेला, आणि 1990 मध्ये खुद्द ब्रिटनच्या वरिष्ठ न्यायालयाने आपल्याच संसदेचा कायदा बाजूला ठेवला. शाळेपासून 'संसदच सर्वोच्च' हे घोकलेल्या माणसाला ते किती झोंबलं असेल बघा. मात्र युरोपीय कायद्याला ती जागा 1972 च्या कायद्याने त्यांच्याच संसदेने दिली होती, आणि तो कायदा रद्द करायचा अधिकारही तिच्याकडेच होता.

बाहेर पडायच्या तयारीत असलेल्या सरकारने फेब्रुवारी 2017 च्या आपल्या श्वेतपत्रिकेत हे मान्यच केलं आहे. सदस्य असतानाही संसद सार्वभौमच होती, पण तसं नेहमी वाटत नव्हतं, असा त्यातला सूर. युनियनच्याच लिस्बन कराराच्या कलम 50 मध्ये बाहेर पडायची रीत दिलेली आहे. ज्या घराच्या दाराला आतून कडी आहे, त्याला तुरुंग कसं म्हणणार?

इथे आपल्याशी फरक लक्षात ठेवा. माझी आजी सांगली संस्थानातली. 8 मार्च 1948 ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, त्या विलीनीकरणात कुठलं कलम 50 नव्हतं. 'राज्यांचा संघ' हा शब्द का निवडला, ते डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत सांगितलं होतं: कुठल्याही राज्याला फुटून जायचा अधिकार नाही म्हणून. सार्वभौमत्व खरोखर सोडणं म्हणजे हे. युरोपच्या सदस्यांनी तेवढं कधीच सोडलेलं नाही.

23 जून 2016 च्या सार्वमतात 51.9 टक्के लोकांनी बाहेर पडायचा कौल दिला. टीव्हीवर त्यांचा एक नेता 'स्वातंत्र्यदिन, स्वातंत्र्यदिन' करत होता. कुंडलचे आमचे मामा आले होते. पत्री सरकारच्या गावचा माणूस! म्हणाले, "ह्यांच्यावर कुणाचं राज्य होतं रं?"

मिळालं ते असं. कोण येऊन राहील हे लंडन ठरवतं. व्यापार करार स्वतः करता येतात, भारताशी 24 जुलै 2025 ला सही झालीच. हे खोटं नाही. पण स्कॉटलंडने 62 टक्क्यांनी राहायचं म्हटलं होतं, त्यांना ते घेऊन बाहेर पडले. मग जनता म्हणजे नक्की कोण, हा वाद उरलाच. उत्तर आयर्लंडचं तर त्याहून अवघड. 1998 च्या शांतता करारामुळे दक्षिणेकडच्या, युनियनमध्येच असलेल्या आयर्लंडशी सीमा उघडी ठेवणं भाग, म्हणून मालाच्या बाबतीत तिथे युरोपचेच नियम राहिले आणि तपासणी आली ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडमधल्या समुद्रावर. सार्वभौमत्व आणायला गेले आणि स्वतःच्याच देशात जकात नाका बसला.

आमच्या पॅकहाऊसपुरतं म्हणाल तर 31 डिसेंबर 2020 नंतर औषधांच्या मर्यादांचा तक्ता एकाचे दोन झाले. सुरुवातीला दोन्ही अगदी सारखे, कारण ब्रिटनने युरोपचे नियम जसेच्या तसे आपल्या कायद्यात उतरवून घेतले होते. मग हळूहळू फरक पडत गेला. माल कुठे जाणार हे काढणीच्या दिवसापर्यंत नक्की नसतं, त्यामुळे बागायतदार फवारणी करतो ती दोन्हींतला कडक आकडा धरूनच. म्हणजे लंडनने मर्यादा सैल ठेवली तरी तासगावात तिचा उपयोग कुणी करत नाही.

आणि मे 2025 मध्ये लंडन आणि ब्रुसेल्स यांचं ठरलं की अन्न आणि शेतमालाच्या बाबतीत ब्रिटनने युरोपचे बदलते नियम पाळत राहायचे आणि त्या बदल्यात सीमेवरची तपासणी कमी करायची, असा करार करू. नियम ठरताना ब्रिटनचं म्हणणं ऐकून घेतील, पण मत नाही. ही बातमी मी पॅकहाऊसमधल्या पोराला सांगितली, तेव्हा तो भिंतीवरचा ब्रिटनचा तक्ता काढायलाच निघाला. म्हटलं, थांब, करार व्हायचाय अजून. तोवर दोन्ही राहू दे.