आजोबा गोव्याचे असतील तर पोर्तुगीज पासपोर्टवर पैसे घालण्यात अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की आजोबा फोंड्याकडचे, बाकी सगळे मुंबईत वाढलेले, एजंट माणशी दोन लाख मागतोय आणि दुहेरी नागरिकत्व मिळेल म्हणतोय. दुहेरी वगैरे काही नसतं हो. पोर्तुगाल देतं, पण भारत दोन्ही ठेवू देत नाही. नागरिकत्व कायद्याचं कलम ९ वाचा. परका पासपोर्ट हातात पडला की आपला गेला. मग ओसीआय कार्ड काढायचं, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत देतो ते कार्ड, त्याची फी इथे १५,००० रुपये. त्यावर मतदान नाही, सरकारी नोकरी नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. शेतजमिनीचं नीट लक्षात ठेवा, आमच्या घरातलं महाभारत त्यावरूनच झालं.

आमचे बाबा सावईवेऱ्याचे. १९ डिसेंबर १९६१च्या, म्हणजे गोवामुक्तीच्या, आधी तिकडे जन्मलेले, त्यामुळे पोर्तुगालच्या हिशोबी ते त्यांचेच. धाकट्या भावाने ठरवलं, पासपोर्ट काढायचा. ठरवलं त्याने, कागदांमागे फिरले मी. बाबांच्या जन्माचा तेओर, म्हणजे जन्मनोंदीची पूर्ण नक्कल, मिळाला तो हाताने लिहिलेल्या पोर्तुगीजमध्ये. आडनाव नाईकच, पण स्पेलिंगच्या शेवटी क्यू-यू-ई. गिरगावातल्या शाळेच्या दाखल्यावर साधा के. आजीचं नाव एकीकडे माहेरचं, दुसरीकडे सासरचं. मग अ‍ॅफिडेव्हिट, गॅझेट, भाषांतर, अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का), आणि प्रत्येक खिडकीवर ‘हा माणूस तोच कशावरून?’ एजंटची फी सगळे मोजतात, खरा पैसा या नावं जुळवण्यात जातो.

(माझ्या वसईच्या मैत्रिणीनेही विचारलं होतं, आमच्याकडेही पोर्तुगीज होते, आम्हाला मिळेल का. वसई चिमाजी अप्पांनी १७३९मध्येच घेतली, तक्रार त्यांच्याकडे करावी.)

धाकटा ब्रेक्झिटच्या आधी इंग्लंडला पोचला, त्याचं भलं झालं. कोण नाही म्हणतंय? पण तो रस्ता ३१ डिसेंबर २०२०ला बंद झाला. आता पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपियन युनियनमध्ये राहता येईल, काम करता येईल. लंडनला त्यावर जाऊन नोकरी धरता येणार नाही. तुमच्या एजंटच्या तोंडी अजून लंडन असेल तर तिथून उठा.

पुढे गावचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, विकायला निघालं. चुलतभावाला त्याचा हिस्सा विकायचा होता. पोफळींवर मिरीचे वेल चढलेले, खालून पाट वाहतोय, बाबांचा जीव होता त्या जागेवर. धाकट्याकडे पैसे होते, पण ओसीआयवाल्याला ती जमीन विकत घेता येत नाही. वारसाने येईल तेवढीच त्याची. मग फोन आला, ‘ताई, तुझ्या नावावर घे, पैसे मी देतो.’ म्हणजे बेनामी! कागदावर मी, मालक तो, आणि उद्या नोटीस आली तर दारात पोस्टमन माझ्या. मी नाही म्हटलं. तेव्हापासून मी मत्सरी, मी घराण्याची जमीन घालवली. माझ्या मुलांचा पासपोर्ट काढला नाही म्हणून त्यांचंही मीच नुकसान केलं. सोयीचं तेवढं आठवतं माणसाला. कागद कोणी गोळा केले, ते नाही आठवत.

मुलं शिकत असतील तर आणखी एक बघा. ४ मार्च २०२१च्या अधिसूचनेनंतर ओसीआय कार्ड काढलेल्यांना नीट, जेईईतून एनआरआयसारख्या जागांवरच प्रवेश मिळतो. तुमची मुलगी दहावीत आहे, डॉक्टर व्हायचं म्हणतेय. इथे साध्या जागेवर मेडिकलला जाऊ शकणाऱ्या मुलीला त्या रांगेतून काढून एनआरआय कोट्याची फी भरणार आहात का? एजंट हे सांगत नाही. तो सांगतो, लिस्बनला जन्माची नोंद करून नाव लावून ठेवा, पासपोर्ट नंतर बघू, काही बिघडत नाही. बिघडत नसतं तर गोव्यात आमदारांवर यावरून केसेस झाल्या नसत्या.

आता दुसरी बाजूही सांगते. घरातल्या कोणाला खरोखर जर्मनीत, आयर्लंडमध्ये जाऊन नोकरी करायची असेल आणि परत यायचा विचार नसेल, तर दोन लाख काहीच नाहीत. ज्याला जायचंय त्याच्यापुरतंच करा. ‘असू दे हाताशी’ म्हणून अख्ख्या कुटुंबाचं करू नका. आणि मी वकील नाही. सही करण्याआधी नागरिकत्वाचं काम करणाऱ्या वकिलाला विचारा, एजंटच्याच ओळखीच्या नव्हे.

एजंटला टोकन द्यायच्या आधी आजोबांचा तेओर स्वतः काढून आणा आणि त्यांचं नाव लिस्बनला आधी लागलंय का ते बघा. त्यांची नोंद, मग वडिलांची, मग तुमची, अशी ओळीने जाते. आणि भावंडांत एक जण पासपोर्ट घेणार, दुसरा नाही असं असेल, तर गावच्या जमिनीचं आधी बसून बोला. माझं नाव त्यात वापरायचं नाही हे मी धाकट्याला तेव्हाच सांगितलं होतं, आजही तेच सांगते.