दिसत तर काहीच नाही, मग दिव्यांग सर्टिफिकेट कसं मिळेल?

डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या घरून हा प्रश्न मला वारंवार येतो. नागपुरातल्याच एका जोडप्याचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ते सरकारी कचेरीत लिपिक. रिंग रोडवर गाडीवरून पडले, दहा दिवस दवाखान्यात होते. जखम भरली, चालणं-बोलणं नीट. दीड वर्षाने बायको त्यांना घेऊन आली. "मॅडम, सगळेच म्हणून राहिले, हे तर ठणठणीत आहेत. मेडिकल बोर्डानंही अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या खालीच दिलं. आता मलाच वाटते, आपण खोटं तर नाही मागून राहिलो?"

बोर्डापुढे काय झालं, विचारलं. इस्त्रीचा शर्ट, 'कसं आहे?' विचारल्यावर 'बरं आहे सर', दहा मिनिटांत बाहेर. त्या दहा मिनिटांत ते खरंच बरे होते. माझ्याकडेही पहिली वीस मिनिटं छान बोलले. मग शेजारी ड्रिल मशीन सुरू झालं आणि त्यांनी कपाळ दाबून धरलं. पुढे मी मुलीची इयत्ता विचारली. "ती... ती शाळेत..." एवढंच. बायको सांगायला गेली, मी हातानं थांबवलं. पोटच्या पोरीची इयत्ता शोधणारा तो चेहरा मी विसरलेले नाही.

खोटं कोणीच मागत नव्हतं. दिवसभरात जे हरवत होतं, ते कागदावर आलं नव्हतं एवढंच. मी बायकोला वही ठेवायला सांगितली. 'फार विसरतात' असं लिहायचं नाही. काय झालं, किती वाजता, कोणी निस्तरलं, ते लिहायचं. दोन महिन्यांत वही भरली. "मंगळवार, सकाळी सात. दूध गॅसवर ठेवून अंघोळीला गेले. पातेलं जळलं, मी धावले." "शुक्रवार. एकाच बिलाची बेरीज तीनदा, तीन उत्तरं. सहालाच झोपले, जेवले नाही."

सोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून स्मृती आणि एकाग्रतेच्या चाचण्या करून घेतल्या, डिस्चार्ज कार्ड जोडलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात डोक्याचा मार असं वेगळं नाव नाही. मारानं मागे काय ठेवलं, ते बोर्ड बघतं. म्हणूनच हे कागद लागतात. बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के लागतात, आणि निर्णय पटला नाही तर कलम 59 खाली अपील करता येतं. त्यांनी तेच केलं. फेरतपासणीला बायको सोबत बसली आणि वही तिनंच वाचून दाखवली.

त्यांची खरी भीती वेगळीच निघाली. दिव्यांग कार्ड काढलं तर नोकरी जाईल! उलट आहे. सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला माणसाला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. त्याच कायद्याचं कलम 20(4). मी ते कागदावर लिहून दिलं, त्यांनी चौघडी करून खिशात ठेवलं.

अपिलात 45 टक्के मिळाले, तेही तात्पुरते. आता ते रेकॉर्ड रूममध्ये बसतात, तिथे आवाज कमी. मुदत संपली की पुन्हा तपासणी आहे, म्हणून वही सुरूच आहे. मागच्या भेटीत शेवटची नोंद त्यांच्या अक्षरात होती: "दुपारी अर्धा तास डोळे मिटून बसलो. संध्याकाळी पोरीचं गणित घेतलं. सातवीचं."