गावाला सांगितलेलं घर

ताई, नमस्कार.

मी खारघरला राहते. लग्नाला आठ वर्षं झाली, हे आमचं तिसरं भाड्याचं घर. नवरा अंधेरीला नोकरीला, मी वाशीला. मुलगी सहा वर्षांची, जूनमध्ये पहिलीत जाईल.

दोन वर्षांपूर्वी नणंदेच्या लग्नात सगळे “घर कधी घेणार?” म्हणून मागे लागले, तेव्हा ह्यांनी “घेतलं की” असं सांगून टाकलं. मी गप्प राहिले. माझ्या सासऱ्यांनी उभी हयात दुसऱ्याची जमीन वाट्याने कसली, म्हणून ह्यांना स्वतःच्या घराचं फार आहे. आता सासूबाई अक्षय्य तृतीयेला कराडकडून चार माणसं घेऊन वास्तुशांतीला येते म्हणतात. आजीने फोनवर विचारलं तर “आपलं घर” म्हणायचं, असं मुलीलाही आम्ही शिकवून ठेवलंय.

मे महिन्यात करार संपतो. घरमालक म्हणतात, नवी मुंबईचा विमानतळ झाला, आता 23 हजारांत परवडत नाही. 27 हजार द्या, 75 हजारांचं डिपॉझिट एक लाख करा. करार रजिस्टर नको, नोटरी करू, तेवढाच खर्च वाचेल. ह्यांचं म्हणणं, दर वेळी हे ऐकून घेण्यापेक्षा उलव्याला काम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट बुक करू. कर्ज 60 लाखांचं. दोघांचे मिळून हातात 95 हजार येतात.

सोसायटीत हळदीकुंकवाला मला बोलावत नाहीत. “भाडेकरू बदलत राहतात, कोणाकोणाला बोलावायचं” असं एक बाई माझ्यासमोरच म्हणाल्या. मालक रागावतील म्हणून भिंतीला खिळा नाही. कॅलेंडर पडद्याच्या दांडीला अडकवलंय. ह्यांचा हट्ट, सासूबाई, मालक, सगळं एकदम अंगावर आलंय. काय करू?

— स., खारघर

प्रिय स.,

आधी सासूबाईंचं बोलू. अक्षय्य तृतीया तोंडावर आहे हे एक कारण. दुसरं म्हणजे, उलव्याच्या फ्लॅटचं मूळ मला तिथेच दिसतं. तू नवऱ्याला हट्टी म्हणतेस. मला तो घाबरलेला वाटतो. आईला दिलेला शब्द खरा करण्यासाठी माणूस 60 लाखांचं कर्ज काढायला निघाला आहे. तो शब्द आधी परत घ्या, मग फ्लॅटचा विचार करा. हा क्रम उलटा केलात तर घर घ्यायचं की नाही हे तुम्ही दोघं ठरवणार नाही, ती दोन वर्षांपूर्वीची थाप ठरवेल.

सांगायचं त्याने. तू नाही. सुनेच्या तोंडून हे ऐकलं तर सासूबाईंना वाटेल की तू मुलाला उघडं पाडते आहेस, आणि पुढची दहा वर्षं ते तुझ्या खात्यावर राहील. फोनवरही नको. रात्रीच्या गाडीने कराडला जाऊन रविवारी परत येता येतं. चार माणसं जमलेली नसताना, आई चुलीपाशी किंवा ओसरीवर एकटी असताना त्याने सांगावं: “आई, लग्नात मी खोटं बोललो. घर भाड्याचं आहे. मला लाज वाटली म्हणून बोललो.” कारणं देत बसू नये. महागाई, विमानतळ, मालक यातलं काहीही नको. तू सोबत जा, पण त्याचं बोलून होईपर्यंत गप्प राहा. लग्नातही तू गप्प होतीस. तेव्हा ते चुकलं, आता ते उपयोगी पडेल.

त्या दुखावतील. भाड्याच्या घरामुळे मात्र नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं. ज्या बाईने नवऱ्याबरोबर दुसऱ्याच्या रानात भांगलण केली, वाट्याचं पीक घरी आणून त्यावर पोरं वाढवली, तिला वेगळं काय सांगायचं? जमीन आपली नव्हती म्हणून त्या घरातली भाकरी कमी गोड झाली नव्हती. तुझ्या नवऱ्याला वडिलांच्या वाट्याच्या शेतीची जी सल आहे ती त्याच्या आईला असेलच असं नाही. त्याने एकदा विचारून तरी पाहावं.

आणि माणसं येणार असतील तर येऊ द्या. वास्तुशांत नाही करता येणार, पण सत्यनारायण भाड्याच्या घरातही होतो. मालकाला आदल्या दिवशी एक फोन कर आणि सोसायटीत खाली चपलांची सोय कर, म्हणजे झालं.

आता मालकाचं. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण “नोटरी करू, खर्च वाचेल” या एका वाक्याने आपल्याकडे कितीतरी लोक फसलेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी हवा आणि नोंदलेलाच हवा. तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, तुझी नाही. नोंदला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झालाच तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे नोटरीने तुझ्यापेक्षा त्याचंच जास्त नुकसान आहे. हे त्याला भांडणाच्या सुरात सांगू नकोस. बऱ्याच मालकांना हे माहीतच नसतं.

आणि वाचणारा खर्च केवढा? समजा 25 हजारांवर जमलं आणि डिपॉझिट एक लाख धरलं. 11 महिन्यांचं भाडं झालं 2 लाख 75 हजार. डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून तेवढ्या महिन्यांचे साधारण 9 हजार मिळवायचे. त्या एकूण रकमेच्या 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे सातशे रुपयांच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत हजार रुपये, आणि खारघर 2016 पासून पनवेल महापालिकेत आहे. ऑनलाइन नोंदणीचं थोडं हाताळणी शुल्क आणि घरी अंगठा घ्यायला येणाऱ्या एजंटची फी धरली तरी महिन्याच्या भाड्यापुढे ही रक्कम काहीच नाही. अर्धी तू देते म्हण. पत्त्याचा पुरावा म्हणून तोच कागद बऱ्याच ठिकाणी चालतो.

भाडं किती वाढवावं याची टक्केवारी मात्र लिव्ह अँड लायसन्समध्ये, म्हणजे तुमच्यासारख्या ठरावीक मुदतीच्या करारात, कायद्याने बांधलेली नाही. करारात लिहिलं तेच खरं. 23 चे 27 म्हणजे 17 टक्क्यांहून जास्त वाढ. विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं तेव्हापासून इकडे प्रत्येक मालकाच्या तोंडी तो विमानतळ आहे, पण तुमच्या घरात त्याने ना जास्त पाणी आलं ना लिफ्ट नवी झाली. आजूबाजूच्या सेक्टरमधल्या तसल्याच चार घरांची भाडी काढ, दोन घरं प्रत्यक्ष बघून ये आणि मग आकडा बोल. 11 महिन्यांऐवजी 33 महिन्यांचा करार माग आणि दर 11 महिन्यांनी किती वाढ ते त्यातच लिहून घे. वेळेवर भाडं देणारं, मुलीची शाळा जवळ असलेलं कुटुंब तीन वर्षं टिकणार असेल तर शहाणा मालक हजार-दोन हजार सोडतो. घर महिनाभर रिकामं राहिलं आणि एजंटला पुन्हा दलाली द्यावी लागली तर त्याचं त्याहून जास्त जातं.

एक मात्र पक्कं लक्षात ठेव: कराराची मुदत संपली आणि नवा झाला नाही, तर “बघू, बोलू” करत त्या घरात राहू नका. कलम 24 प्रमाणे मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट भाडं मागता येतं.

करारात आणखी दोन ओळी घाल. भिंतीला खिळे ठोकायची परवानगी, आणि नेहमीच्या वापराने झालेल्या झिजेचे किंवा रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापायचे नाहीत. ताबा घेताना केलेलं मोबाइलचं चित्रण मालकाला त्याच दिवशी पाठव. हे मी अनुभवाने सांगते. 1993 साली आम्ही नेरुळला आलो. पहिली दोन वर्षं गावठाणात एका आगरी काकूंच्या घरी राहिलो. करार नव्हता, शब्द होता, आणि काकूंनी तो आम्ही निघालो त्या दिवसापर्यंत पाळला. त्याच भरवशावर पुढे सेक्टरमधलं घर भाड्याने घेतलं. तिथून निघताना रंगकामाच्या नावाखाली सगळं डिपॉझिट गेलं. दोन्ही वेळा आम्ही सारखेच वागलो होतो. फरक फक्त समोरच्या माणसात होता, आणि तो आधी कळायला काही मार्ग नसतो.

उलव्याबद्दल मी “घेऊ नका” असं म्हणणार नाही. जागा वाईट नाही. पण हिशेब तुझ्यासमोर मांडते. 60 लाख, 20 वर्षं, साडेआठ टक्के व्याज धरलं तर हप्ता 52 हजारांच्या घरात जातो. काम चालू असलेल्या इमारतीत बँक पैसे टप्प्याटप्प्याने सोडते, त्यामुळे सुरुवातीला कमी भरावं लागेल. पण स्लॅब चढत जातील तसा आकडा चढेल, आणि ताबा मिळेपर्यंत भाडं चालूच. शेवटचे महिने 52 आणि 25, म्हणजे 95 पैकी 77 हजार. उरलेल्या 18 हजारांत शाळा, किराणा, दोघांचे पास, आणि गावी कोणी आजारी पडलं तर तेही. ताबा वर्षभर लांबला तर? महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे ते आज रात्रीच दोघांनी बसून पाहा. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली, राहती झालेली इमारत थोडी लहान जागा देईल, पण भाडं आणि हप्ता एकदम भरायला लावणार नाही.

आणि प्रवास. उरणच्या मार्गावर बामणडोंगरी आणि खारकोपर ही तुमची स्टेशनं होतील. तिथून नेरुळ किंवा बेलापूरला येऊन गाडी बदलायची, मग तू वाशीला आणि तो पुढे अंधेरीला. त्याला सांग, एक आठवडा सकाळी खारकोपरला जाऊन तिथूनच ऑफिसला जा. तिथल्या चार इमारतींच्या वॉचमनना विचारा की मे महिन्यात टँकर किती येतात. खारघरच्या पाण्याची रड तुला मी सांगायला नको, तशीच तिथली समजून घ्या. याहून बरा मार्ग म्हणजे 11 महिने तिथेच भाड्याने राहून बघणं. मुलगी पहिलीत जाणार आहे, शाळा बदलायची तर याच वर्षी बदलणं तिला सोपं जाईल. राहून आवडलं तर घ्या, आणि घ्याल तेव्हा तुझ्या एकटीच्या नावावर घेण्याचा विचार करा, बाईच्या नावाने घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.

राहिल्या त्या हळदीकुंकवाच्या बाई. त्यांचं बोलणं मला फार लागलं. हे शहर आहे कुणाचं? 1970 साली नवी मुंबई वसवणारी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि 95 गावांची जमीन या शहरासाठी धरली गेली. भाताची शेतं, मिठागरं गेली. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे लोक उभे राहिले, जानेवारी 1984 मध्ये जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच जण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. मूळचे म्हणायचे तर ते. आपण बाकी सगळे नंतर आलेले, तुझ्या सोसायटीतल्या मालकीणबाईसुद्धा. सिडकोने इथले भूखंड 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले, तेव्हा त्यांच्या इमारतीखालची जमीनही पट्ट्याचीच असणार. हे त्यांना ऐकवायला सांगत नाही. जिन्यात त्या समोर आल्या की तुझी मान खाली जाऊ नये, एवढ्यासाठी सांगते.

सोसायटी भाडेकरूकडून वेगळे पैसे मागत असेल तर तेही ऐकून ठेव. घर भाड्याने दिल्याचं बिनभोगवटा शुल्क सभासदाला, म्हणजे मालकाला लागतं, आणि 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही.

बोलावण्याची वाट पाहू नकोस. सत्यनारायण होईल तेव्हा मजल्यावरच्या चारही दारांची बेल तू स्वतः वाजव, त्या बाईंचीही. सासूबाईंना सोबत घेऊन जा. गावाकडच्या बाईला दारात जाऊन आमंत्रण द्यायची सवय असते, ती तुझ्यापेक्षा सहज बोलेल. सगळ्या येणार नाहीत. एक जरी आली आणि तिची मुलगी तुझ्या मुलीच्या वयाची निघाली तरी पुढचं आपोआप होतं.

उलव्याला राहून बघायचं ठरलं नाही आणि मालकाने नोंदणीला शेवटपर्यंत नकार दिला तर घर बदला, पण खारघरमध्येच, शाळा पायी जवळ राहील असं. शोधायला आत्ताच लागा. मे उजाडला की शाळांच्या आधी सगळेच घरं शोधायला निघतात आणि भाडी चढतात.

आणि मुलीचं. कराडला जायच्या आधीच तिला जवळ घेऊन सांगा की आईबाबांनी तिला जे म्हणायला शिकवलं ते चुकीचं होतं. आजीने फोनवर विचारलं तर जे आहे ते सांग, म्हणावं. घराबद्दल बोलताना ती आधी तुझ्या तोंडाकडे बघत असेल. असेल तर हे काम रविवारपर्यंतही थांबवू नका, आजच करा.

तुझी,
ताई