ताण कमी करण्यासाठी श्वसनाचे मार्गदर्शन करणारे स्मार्टवॉच घ्यावे का?

घ्यावे, पण ताणाचा आकडा पाहण्यासाठी घेऊ नये. मी आपत्कालीन मदतीचे फोन घेण्याचे काम करते आणि आमच्याकडे प्रत्येकाच्या मनगटावर कंपनीने दिलेला असा पट्टा होता, म्हणून हे ठामपणे लिहीत आहे.

एका रात्री तान्ह्या बाळाच्या घशात काहीतरी अडकल्याचा फोन आला. बाळाला पालथे, डोके खाली धरून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने थाप कशी मारायची, हे मी त्याच्या आईला एकेक शब्द तोलून सांगत होते, आणि नेमक्या त्याच वेळी पट्टा थरथरून ‘दीर्घ श्वास घ्या’ अशी सूचना देऊ लागला. बाळ रडले, आम्ही सुटलो. पुढच्या आढावा बैठकीत मात्र पर्यवेक्षकांनी विचारले ते एवढेच, की सूचना का डावलली? कठीण कॉलनंतर थोडा वेळ जागेवरून उठू द्यावे, ही आमची जुनी मागणी होती आणि तिच्यावरचा तोडगा म्हणून हाच पट्टा पुढे केला जाई.

यामागचे शास्त्र खोटे नाही. श्वास घेताना नाडी किंचित वाढते, सोडताना मंदावते, आणि मिनिटाला सुमारे ६ श्वासांच्या लयीत हा चढउतार बहुतेकांमध्ये सर्वाधिक होतो, कारण रक्तदाब सावरणाऱ्या यंत्रणेची लयही साधारण १० सेकंदांचीच असते. पट्टा हिरव्या प्रकाशाच्या साहाय्याने दोन ठोक्यांमधले अंतर मोजतो आणि त्यावरून ताणाचा आकडा काढतो, पण ते अंतर ताप, कॉफी, अपुरी झोप किंवा निव्वळ आनंद यांमुळेही बदलते. तेव्हा आकडा वाढला म्हणजे माणूस ढासळला, हा पर्यवेक्षकांचा निष्कर्ष मला तेव्हाही मान्य नव्हता आणि आजही नाही.

ॲपल वॉचमध्ये ही सोय २०१६ पासून आहे, इतरांनीही ती दिली आहे; मॉडेलवरून फार डोके शिणवू नये. थरथरीवर लय कळावी, म्हणजे डोळे मिटता येतात, आणि श्वासाचा अवधी बदलता यावा, इतके पाहावे. आपोआप येणाऱ्या सूचना पहिल्याच दिवशी बंद कराव्यात.

हृदयाचे ठोके अनियमित असतील तर या आकड्यांवर विसंबू नये, दमा किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे आणि चक्कर आल्यास लगेच थांबावे. पट्टा कामाच्या ठिकाणाहून मिळणार असेल, तर त्यातील नोंदी कोण पाहणार हे लेखी विचारून घ्यावे आणि विश्रांतीची मागणी त्याच्या बदल्यात मुळीच सोडू नये.